पिळाचा प्रकाश आणि मधला अंधार

परवा आमच्या घरच्या ग्रुपवर, गुड मॉर्निंगची फुलं आणि गुडघेदुखीवरचा रामबाण उपाय यांच्या मधोमध, एक विज्ञानाचा फॉरवर्ड आला. शास्त्रज्ञांनी म्हणे प्रकाशाला पीळ घालायची युक्ती शोधली आहे, या पिळाला मर्यादा नाही, त्यामुळे एकाच किरणातून अनंत चॅनेल जातील आणि इंटरनेटचा वेग अनंतपट होईल. अनंत! त्याखाली चार उद्गारचिन्हं आणि हात जोडल्याची खूण.

आमची भाची एमएस्सी फिजिक्स करते आणि तिचा प्रोजेक्ट नेमका याच विषयातला. साहजिकच तिच्या काकांनी विचारलं, "काय गं, तुझं हेच चाललंय ना? मग आता नेट फास्ट होणार म्हण की!" तिने "हो काका" असं लिहिलं, वर एक अंगठा टाकला आणि विषय मिटवला.

मला तो "हो" खटकला. तिला मी दोष देत नाही. आपल्याकडे कुणी फिजिक्स शिकतंय म्हटलं की पहिला प्रश्न "त्याचा उपयोग काय" आणि दुसरा "पुढे पॅकेज किती". तेव्हा चारचौघांत पटकन पटेल असं एक उत्तर खिशात ठेवायची सवय पोरांना लागते. पण या विषयात तसं उत्तर द्यायची गरजच नाही. माझं मत असं, की पिळाच्या प्रकाशाचं खरं मोल त्याच्या "अनंत" पिळांत नाहीच. ते आहे त्याच्या मधोमध असलेल्या काळ्या ठिपक्यात, जिथे प्रकाश नाही तिथे. आणि गंमत म्हणजे नेमकं तेच कुणी फॉरवर्ड करत नाही.

आधी हा प्रकार काय आहे ते सांगतो. माहीतगारांनी पुढचे तीन-चार परिच्छेद ओलांडून गेलं तरी चालेल.

साधा लेझर घ्या. त्यातली लाट पुढे सरकते तेव्हा तिचे माथे एकामागोमाग एक ठेवलेल्या सपाट थाळ्यांसारखे जातात. एक थाळी, मग एका तरंगलांबीच्या अंतरावर दुसरी, मग तिसरी. कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या तांबड्या हेलियम-निऑन लेझरमध्ये हे अंतर ६३३ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये दीड हजारांहून जास्त थाळ्या. आता या थाळ्या सुट्या न ठेवता प्रत्येकीला एक काप दिला आणि कापाची एक कड पुढच्या थाळीला जोडत गेलं तर? थाळ्या उरतच नाहीत, एक सलग चक्री जिना तयार होतो. किंवा मळसूत्र म्हणा, स्क्रूच्या आट्यांसारखं. मधल्या अक्षाभोवती एक पूर्ण फेरी मारली की तुम्ही बरोबर एक तरंगलांबी पुढे. हा झाला एक पीळ. दोन जिने एकमेकांत गुंफले तर एका फेरीत दोन तरंगलांबी, तो दोन पिळांचा प्रकाश. पीळ उजवा असतो तसा डावाही असतो.

जिन्याच्या मधल्या खांबापाशी काय होतं ते पाहा. सगळ्या पायऱ्या तिथे एकत्र येतात. लाटेचा माथाही तिथे, खळगाही तिथे आणि मधल्या सगळ्या पायऱ्याही तिथेच. एकाच जागी हे सगळं एकदम कसं असणार? निसर्गाने यावर एकच तोडगा काढलाय: तिथे लाटेची उंची शून्य. म्हणजे पूर्ण अंधार. म्हणून असा झोत पडद्यावर पाडला की भरीव ठिपका दिसत नाही, मेदुवडा दिसतो. तिकडचे लोक त्याला डोनट म्हणतात. आपण मेदुवडाच म्हणू, आकार तोच आणि चव बरी :)

या काळ्या ठिपक्याला 'ऑप्टिकल व्होर्टेक्स' म्हणतात, म्हणजे प्रकाशातला भोवरा. हे नाव १९८९ सालच्या एका शोधनिबंधाच्या शीर्षकातून रूढ झालं. मराठीत भोवरा पाण्यातला असतो आणि दोरीने फिरवायचाही असतो. इथे दोन्ही अर्थ चालतात.

एक गैरसमज मात्र काढून टाकायला हवा. चित्रांमध्ये किरण स्प्रिंगसारखा वेटोळी घेत जाताना दाखवतात. तसं होत नाही. मोकळ्या जागेत प्रकाश सरळच जातो, फक्त किरण जरा तिरपे असतात. वेताचं कमरेत बारीक असलेलं स्टूल आठवा. त्यातल्या काड्या सरळच असतात, पण सगळ्या एकाच दिशेने कलत्या लावल्यामुळे पीळ दिल्यासारख्या दिसतात. तसंच हे. पीळ लाटेच्या माथ्यांना असतो.

हा प्रकाश करायचा कसा? एक मार्ग म्हणजे गोल गोल चढत जाणाऱ्या जाडीची काच. दुसरा, मला जास्त आवडणारा, म्हणजे समांतर रेषांची जाळी, जिच्या मध्यावर एका रेषेला फाटा फुटून दोन झाल्या आहेत. जेवायच्या काट्यासारखा आकार. तुमच्या अंगठ्याचा ठसा नीट पाहिलात तर असे फाटे तिथेही सापडतील. अशा जाळीतून साधा लेझर पाठवला की बाजूला मेदुवडे पडतात. १९९० साली कीव्हमधल्या संशोधकांनी हे करून दाखवलं आणि पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत संगणकावर काढलेली चित्रं फिल्मवर लहान करून हेच होऊ लागलं. कोट्यवधींची यंत्रसामग्री नव्हती लागत, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता जरा इतिहास. प्रकाश वस्तूला ढकलतो हे जुनं ज्ञान. पण तो वस्तूला फिरवू शकतो का? पॉइंटिंगने १९०९ साली म्हटलं, वर्तुळाकार ध्रुवण असलेल्या प्रकाशात फिरवण्याची शक्ती असली पाहिजे. पण ती इतकी सूक्ष्म, की मोजता येईल अशी आशा त्यालाही फारशी नव्हती. १९३१ साली रामन आणि भगवंतम यांनी कलकत्त्यात विखुरलेल्या प्रकाशाच्या मोजणीवरून फोटॉनच्या फिरकीचा प्रायोगिक पुरावा मांडला. १९३६ साली बेथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने क्वार्ट्झची चकती क्वार्ट्झच्याच बारीक धाग्याला टांगून प्रकाशाने तिला पडलेला पीळ प्रत्यक्ष मोजला.

पण ही झाली स्वतःभोवतीची फिरकी. भूगोलाच्या पुस्तकातले शब्द वापरायचे तर परिवलन. परिभ्रमणाचं काय? पृथ्वी सूर्याभोवती फिरते तसा एखाद्या अक्षाभोवतीचा हिशोब प्रकाशाच्या झोतात असतो का? लेझर आला १९६० मध्ये आणि त्याच दशकात हे मेदुवड्यासारखे झोत गणितासकट पुस्तकांत आले. त्यांच्या नावात लागेर आणि गाउस असे दोन मोठे गणिती आहेत. विद्यार्थी ती सूत्रं पाठ करत होते, परीक्षेत लिहीत होते. आणि १९९२ पर्यंत त्या सूत्रातला तो एक आकडा फोटॉनमागे ठरावीक कोनीय संवेग सांगतो आहे, हे कुणी स्वच्छ मांडलं नव्हतं! ते मांडलं हॉलंडमधल्या लायडनला लेस अॅलन, वुर्डमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी. एक पीळ असेल तर प्रत्येक फोटॉनमागे एक मात्रा, पाच पीळ असतील तर पाच. तीस वर्षं डोळ्यासमोर होतं ते. मला विचाराल तर या विषयातली सगळ्यात हुरूप देणारी गोष्ट हीच आहे. पुस्तकात छापून शिळं झालेलं सूत्रही पूर्ण वाचून झालेलं असतंच असं नाही.

१९९५ साली ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या गटाने कॉपर ऑक्साइडचे काळे सूक्ष्म कण या मेदुवड्याच्या भोकात पकडले आणि ते गरागरा फिरताना सूक्ष्मदर्शकातून पाहिले. पिळाची दिशा उलटली की कण उलटे फिरत.

इथवर सगळं छान. मग 'अनंत' कुठून आलं?

पिळांचा आकडा एक, दोन, तीन असा कितीही वाढवता येतो आणि वेगवेगळ्या पिळांचे झोत एकमेकांत मिसळून पुन्हा वेगळे काढता येतात. मग प्रत्येक पिळावर वेगळा संदेश का बसवू नये? २००४ साली ग्लासगोच्या गटाने हे प्रयोगशाळेबाहेर करायची वाट दाखवली. जून २०११ मध्ये व्हेनिसला तांबुरिनी आणि सहकाऱ्यांनी डिश अँटेना कापून, पिळून घेतली आणि एका बेटावरून समोरच्या राजवाड्यापर्यंत ४४२ मीटर अंतरावर, एकाच रेडिओ फ्रिक्वेन्सीवर, दोन वेगळे संदेश पाठवले. गर्दी जमली होती, दिवे होते, मार्कोनीची आठवण काढली गेली. पुढच्याच वर्षी अमेरिकेतून सेकंदाला २.५६ टेराबिट असा आकडा आला आणि मथळ्यांना भरती आली. अंतर होतं सुमारे एक मीटर, पण मथळ्यात अंतर बसत नाही. २०१३ मध्ये बोस्टनच्या गटाने खास बनवलेल्या फायबरमधून १.१ किलोमीटर गाठलं. २०१४ मध्ये व्हिएन्नाच्या छपरांवरून तीन किलोमीटर मोत्सार्ट, बोल्ट्झमन आणि श्रोडिंगर यांची छोटी चित्रं गेली. २०१६ मध्ये कॅनरी बेटांपैकी ला पाल्मा ते तेनेरीफ, १४३ किलोमीटर.

हे सगळे प्रयोग खरे आहेत आणि करणारी माणसं अव्वल आहेत. व्हिएन्नाच्या गटातले झायलिंगर यांना २०२२ सालचं नोबेल मिळालं, ते फोटॉनांच्या गुंतागुंतीवरच्या कामासाठी; आणि तशी गुंतागुंत पिळांमध्येही असते हे त्यांच्याच गटाने २००१ मध्ये दाखवलं होतं. माझं भांडण प्रयोगांशी नाही, त्या 'अनंत' शब्दाशी आहे.

कारण असं. पिळांचा आकडा वाढला की मधलं भोक मोठं होतं आणि झोत जास्त पसरतो. समोरची काच किंवा अँटेना तर तेवढीच आहे. मोठ्या पिळाच्या मेदुवड्याचं फक्त भोक तिच्यावर पडणार आणि वडा बाहेरून निघून जाणार. म्हणजे पीळ अनंत असले तरी तुमच्या ताटात मावणारे मोजकेच. २०१२ मध्ये स्वीडनमधल्या लुंडच्या एडफोर्श आणि योहान्सन यांनी रेडिओच्या बाबतीत हिशोब मांडून दाखवलं, की पिळाचे चॅनेल म्हणजे अनेक अँटेना वापरून एकाच फ्रिक्वेन्सीवर अनेक संदेश पाठवण्याच्या आधीच माहीत असलेल्या पद्धतीचाच एक खास प्रकार आहे. ती पद्धत आपल्या घरातल्या वाय-फायच्या डब्यातही असते. २०१५ मध्ये प्रकाशासाठीही तसाच हिशोब छापला गेला: ठरावीक आकाराच्या काचांमधून जास्तीत जास्त माहिती पाठवायची असेल, तर फक्त पिळांवर विसंबणं हा सर्वोत्तम मार्ग नाही.

शिवाय वाटेत हवा आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही असं आपण म्हणतो आणि प्रकाशालाही ते बऱ्यापैकी लागू पडतं. मधला एकूण पीळ सहजासहजी नाहीसा होत नाही. पण उन्हाने तापलेल्या, थरथरत्या हवेतून तीन पिळांचा झोत गेला की त्या एका मोठ्या भोवऱ्याचे तीन छोटे भोवरे होतात आणि इकडेतिकडे भटकू लागतात. बेरीज तीनच राहते, पण समोरच्याला संदेश वाचताना घाम फुटतो.

म्हणून काकांना खरं उत्तर असं होतं: जवळच्या अंतरावर, काही खास ठिकाणी, कदाचित थोडा उपयोग होईल. तुमच्या मोबाइलला नाही.

"मग काय उपयोग?" हा प्रश्न आता येणारच. आता मला त्या अंधाराबद्दल बोलू द्या.

सूक्ष्मदर्शकाला एक मर्यादा असते, हे आबे या जर्मन शास्त्रज्ञाने १८७३ मध्ये सांगितलं. साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेल्या दोन गोष्टी दृश्य प्रकाशात वेगळ्या दिसत नाहीत, कारण प्रकाशाचा ठिपका त्याहून लहान करताच येत नाही. श्टेफान हेल यांनी १९९४ मध्ये यातून वाट काढायची कल्पना मांडली. पेशीत चमकणारे रेणू घाला. एका लेझरने ते पेटवा. मग दुसरा लेझर टाका, जो रेणूंना विझवतो. हा दुसरा मेदुवड्याच्या आकाराचा केला की कडेचे सगळे रेणू विझतात आणि फक्त मधल्या भोकातले चमकत राहतात. विझवणारा झोत जितका प्रखर, तितकं चमकणारं भोक लहान. वीस-तीस नॅनोमीटरपर्यंत जाता येतं. प्रकाशाचा ठिपका लहान करता येत नाही, पण अंधाराचा करता येतो! याला २०१४ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. २०१६ मध्ये हेल यांच्याच गटाने याच्याही पुढे जाऊन मेदुवड्याचं भोक रेणूवर आणून, तो कुठे चमकत नाही यावरून त्याची जागा काही नॅनोमीटरपर्यंत काढली.

दुसरं उदाहरण आकाशातलं. दूरच्या ताऱ्याभोवती ग्रह असेल तर तो दिसत नाही, ताऱ्याच्या झगमगाटात बुडतो. २००५ च्या सुमारास काही खगोलशास्त्रज्ञांनी सुचवलं, की ताऱ्याची प्रतिमा जिथे पडते तिथे बरोबर मध्यावर पीळ देणारी काच ठेवा. मध्यावर पडलेला ताऱ्याचा प्रकाश पीळ खाऊन मेदुवड्यासारखा बाहेर फेकला जातो आणि तिथे साध्या पट्टीने अडवता येतो. ग्रह जरा बाजूला असतो, त्याचा प्रकाश काचेच्या मध्यावर पडतच नाही, तो निवांत पुढे येतो. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालोमारच्या पाच मीटरच्या दुर्बिणीचा फक्त दीड मीटरचा तुकडा वापरून, साधारण १३० प्रकाशवर्षांवरच्या एचआर ८७९९ या ताऱ्याचे तीन ग्रह असे टिपले गेले. दोन वर्षांपूर्वी तेच ग्रह टिपायला आठ-दहा मीटरच्या दुर्बिणी लागल्या होत्या.

त्या काचेबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिच्यात पीळ येतो तो जाडीने नाही, ध्रुवणाची दिशा जागोजागी वळवून. ध्रुवण फिरवून लाट पुढेमागे करता येते, हे १९५६ साली बंगळूरला शिवरामकृष्णन पंचरत्नम यांनी दाखवलं. रामन यांचे भाचे ते, वय जेमतेम बावीस. निबंध छापला आणि जवळजवळ तीस वर्षं जगाने वाचला नाही. १९८० च्या दशकात मायकेल बेरी यांनी त्याच जातीची गोष्ट स्वतंत्रपणे शोधली आणि पंचरत्नम यांचं काम कळल्यावर मोकळेपणाने त्यांचं श्रेय त्यांना दिलं. तोवर पंचरत्नम यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. १९६९ मध्ये, पस्तिशीतच ते गेले.

हेच बेरी १९७४ मध्ये ब्रिस्टलला जॉन नाय यांच्याबरोबर लाटांमधल्या या शून्य जागांचा अभ्यास करत होते. नाय हे बर्फाचे अभ्यासक. अंटार्क्टिकातल्या बर्फाच्या तळावरून परत येणारे रेडिओचे प्रतिध्वनी समजून घ्यायचे होते, म्हणून प्रयोगशाळेत अल्ट्रासाउंडच्या लाटा पाठवत होते. इंटरनेट वगैरे कुणाच्या डोक्यात नव्हतं.

आणि सगळ्यात जुना भोवरा तर समुद्रातला. 'सायंटिस्ट' हा शब्द घडवणाऱ्या केंब्रिजच्या विल्यम ह्यूवेलने १८३६ मध्ये भरतीच्या वेळांचे नकाशे जुळवताना म्हटलं, इंग्लंड आणि हॉलंडच्या मधल्या समुद्रात अशी एक जागा असली पाहिजे जिथे पाणी चढतही नाही आणि उतरतही नाही, आणि भरती तिच्याभोवती घड्याळाच्या काट्यासारखी फिरते. तोच जिना, तोच खांब. १८४० मध्ये कॅप्टन ह्यूएट 'फेअरी' हे जहाज घेऊन तिथे गेला, खोली मोजत राहिला आणि पाणी जवळजवळ हलत नाही असं त्याला आढळलं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात वादळात ते जहाज सगळ्या माणसांसकट बुडालं.

हे सगळं सोडून आपण पोरांना "नेट फास्ट होईल" एवढंच बोलायला लावतो, याचा मला राग येतो. वचन फसलं की लोक म्हणतात, सगळं बोगस होतं. आणि ज्या मुलीने खरंच काहीतरी सुंदर हातात घेतलं आहे, तिला वाटू लागतं की आपल्या कामातला खरा भाग घरच्यांना सांगण्याजोगा नाही. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत या भोवऱ्यांवर कितीतरी वर्षं काम चाललंय. तिथल्या माणसांनाही लग्नाकार्यात हाच प्रश्न येत असणार!

आता नातेवाइकांसाठी एक प्रयोग. खेळण्यातला लेझर पॉइंटर घ्या (डोळ्यात मारू नका, मुलांच्या हातात देऊ नका) आणि अंधाऱ्या खोलीत समोरच्या खरबरीत भिंतीवर ठिपका पाडा. ठिपका गुळगुळीत दिसणार नाही, रवाळ दिसेल, साजूक तुपासारखा. ते दाणे भिंतीवर नसतात, तुमच्या डोळ्याच्या पडद्यावर तयार होतात, म्हणून डोकं हलवलं की सरकतात. दाण्यांच्या मध्ये बारीक काळ्या जागा दिसतील. त्यांच्यात जिथे प्रकाश अगदी शून्य होतो तो प्रत्येक बिंदू म्हणजे एक भोवरा, दाण्यामागे साधारण एक. त्यांतले निम्मे उजव्या पिळाचे असतात आणि निम्मे डाव्या.